'द कॉमेडी ऑफ एरर्स'मधली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेक्सपिअरचं हे नाटक अभ्यासाला असलेले विद्यार्थी, ते बसवायला घेतलेल्या हौशी संस्था आणि आमच्या वाचनगटात नव्याने आलेली मंडळी आम्हाला साधारण हेच प्रश्न विचारतात. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत. गुंतागुंतीचे पुढे येतील.

१. गोष्ट थोडक्यात सांगाल का? कोण कुठला हेच लक्षात राहत नाही.

सिराक्यूजचा म्हातारा व्यापारी एजियन इफेसस शहरात पकडला जातो. या दोन शहरांचं वैर आहे. सिराक्यूजचा माणूस इफेससमध्ये सापडला, तर त्याने हजार मार्क दंड भरायचा, नाहीतर जीव द्यायचा. एजियनजवळच्या सगळ्या मालाची किंमत शंभर मार्कही होत नाही. इफेससच्या ड्यूकला त्याची दया येते. तो त्याला संध्याकाळपर्यंत पैसे उभे करायची मुदत देतो. (मार्क म्हणजे हातात धरायचं नाणं नव्हे. ती पौंडाच्या दोन तृतीयांश भरणारी हिशोबातली रक्कम होती.)

एजियनला जुळे मुलगे होते. त्यांच्या चाकरीसाठी त्याने त्याच दिवशी जन्मलेले दुसरे जुळे एका गरीब बाईकडून विकत घेतले होते. पुढे जहाज फुटलं. एक मुलगा आणि एक चाकर बापाकडे राहिले, दुसरी जोडी आईबरोबर वाहून गेली. बापाकडचा मुलगा अठराव्या वर्षी भावाच्या शोधात निघाला आणि त्याच्या मागोमाग बापही. आता तो मुलगा आणि त्याचा नोकर नेमके इफेससला येऊन पोहोचतात. हरवलेला भाऊ तिथेच बायको, घरदार आणि नावलौकिक घेऊन राहतोय. पुढे पाच तास सगळं शहर एकाला दुसरा समजत राहतं.

२. दोघा मालकांचं नाव अँटिफोलस आणि दोघा नोकरांचं ड्रोमिओ. सारखीच नावं कशी काय?

प्रश्न रास्त आहे. कारण पहिल्याच प्रवेशात एजियन म्हणतो की मुलं इतकी सारखी होती की नावांवाचून ओळखू येत नसत. म्हणजे जन्मताना नावं वेगळी होती. उत्तर त्याच भाषणात आहे, पण पटकन निसटतं. मुलाबरोबर निघालेल्या नोकराबद्दल तो सांगतो की याचाही भाऊ हरवला, मात्र भावाचं नाव याने ठेवलं. म्हणजे मागे राहिलेल्याला हरवलेल्याचं नाव दिलं गेलं. शेक्सपिअरने ज्या जुन्या रोमन नाटकावरून कथा घेतली, त्यात हे सरळ सांगितलंय (प्रश्न १२ पाहा).

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. सिराक्यूजचा अँटिफोलस लहानपणापासून दुसऱ्याच्या नावाने जगतोय. पुढे सगळं शहर त्याला दुसरा समजून हाक मारतं, त्याची सुरुवात घरातच झालेली आहे.

३. जुळे आहेत म्हणजे दोघांचा स्वभावही एकच ना? मग पात्र-विश्लेषणात वेगळं काय लिहायचं?

चेहरा एक आहे, स्वभाव अजिबात एक नाही. नाटकाचा जीव इथेच आहे. एकच चूक दोघांवर येऊन आदळते आणि दोघं दोन तऱ्हांनी वागतात.

सिराक्यूजचा अँटिफोलस एकटा आहे. आल्या आल्या तो म्हणतो की मी समुद्रात दुसरा थेंब शोधणाऱ्या थेंबासारखा आहे, आई आणि भाऊ शोधता शोधता मीच हरवतो. अशा माणसाला अनोळखी शहरात एक बाई 'तू माझा नवरा' म्हणून जेवायला ओढून नेते. तो गोंधळतो, पण जातो. रस्त्यात लोक नावाने नमस्कार करतात, शिंपी रेशीम दाखवून माप घेतो, सोनार गळ्यात साखळी अडकवतो. आयुष्यभर ज्याला कुणी ओळखलं नाही, त्याला अचानक सगळे ओळखू लागतात. त्याला भीती वाटते, भूलही पडते. 'यांना मी ओळखीचा आणि माझा मलाच परका' अशा अर्थाचं त्याचं एक वाक्य आहे. सबंध नाटकातून एकच वाक्य निवडायचं असेल, तर मी हे निवडेन.

इफेससच्या अँटिफोलसचं उलटं. त्याच्याजवळ सगळं आहे. लढाईत स्वतः जखमा झेलून त्याने ड्यूकचा जीव वाचवलाय. बाजारात त्याची पत आहे. दिवसभर त्याचं एकेक करून काढून घेतलं जातं: आधी घराचं दार, मग सोनाराचा विश्वास, मग मोकळं फिरणं, शेवटी शहाणा म्हणवून घेण्याचा हक्कसुद्धा. भाऊ आश्चर्य करतो, हा संतापतो. तो पहार आणून स्वतःच्याच घराचं दार फोडायला निघतो. व्यापारी मित्र बाल्थझार त्याला अडवतो, ते लोक काय म्हणतील या एका मुद्द्यावर. पत हीच ज्याची ओळख, त्याला थांबवायला पतच कामी येते.

उत्तरपत्रिकेत 'दोन्ही भाऊ सारखेच' असं लिहू नका. एकाला नको असलेली ओळख मिळते, दुसऱ्याची हक्काची ओळख जाते.

४. सिराक्यूजचा अँटिफोलस जुळ्या भावालाच शोधत आलाय. लोक त्याला नावाने हाक मारतात, तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडत नाही? हे पटत नाही.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. रंगभूमीचा संकेत म्हणून सोडून देता येतं: प्रेक्षकाला माहीत आणि पात्राला नाही, यावरच असली नाटकं उभी असतात. पण नाटकाने स्वतःही सोय करून ठेवली आहे. हे शहर जादूटोणा करणाऱ्यांचं आणि भोंदूंचं आहे, असं तो ऐकून आलाय. पहिलाच घोळ होतो तो पैशाचा. हजार मार्क ज्याच्याकडे दिले तोच वाटणारा नोकर 'कुठले पैसे?' म्हणतो. साहजिकच त्याचं मन फसवणुकीकडे वळतं आणि तिथून पुढचं सगळं त्याला चेटूक वाटतं.

यामागे मला मनाचंही एक कारण दिसतं. तो शोधतोय भाऊ, म्हणजे समोरून येणारा दुसरा माणूस. भाऊ आपल्याच नावाच्या हाकेतून भेटतोय, हे त्याला कसं सुचणार? हरवलेली वस्तू हातातच असते आणि आपण घर पालथं घालतो, तसंच आहे हे. नटाने भोळसट व्हायची गरज नाही. घाबरलेला राहिला की पुरे.

५. एड्रियाना भांडकुदळ बायको आहे, असं गाईडमध्ये असतं. बरोबर आहे का?

अर्धवट आहे, आणि त्या अर्ध्यावर थांबणं तिच्यावर अन्याय आहे.

बारा वाजून गेलेत, कोंबडा करपतोय, सळईवरचं डुक्कर गळून पडतंय, नवऱ्याचा पत्ता नाही. तिचा पहिला प्रश्न असा: पुरुषांना आपल्यापेक्षा मोकळीक जास्त का? बहीण लुसियाना तिला सृष्टीचा नियम सांगते. पशुपक्ष्यांतही नर धनी असतो, तू धीर धर. त्यावर एड्रियानाचं उत्तर चोख आहे. दुसऱ्याच्या दुःखात शांत राहायला सांगणं सोपं असतं, तेवढाच भार स्वतःवर आला की आपणही तेवढंच ओरडतो.

पुढच्या प्रवेशात ती नवरा समजून भलत्याच माणसाला म्हणते की खवळलेल्या पाण्यात पडलेला थेंब तसाच्या तसा वेगळा काढता येतो का? तसंच तू मला वगळून स्वतःला वेगळं काढू शकत नाहीस. तो थेंब प्रश्न ३ मध्येही आलाय. आदल्या अंकात याच माणसाने एकटेपणा सांगायला जो थेंब वापरला, तोच ती एकजीव होणं सांगायला वापरते. दोघांनी एकमेकांचं बोलणं ऐकलेलं नाही. वाचताना ही दोन भाषणं शेजारी शेजारी ठेवून पाहा. फार्स म्हणून हिणवलेल्या नाटकात इतकं बारीक काम आहे.

ती संशयी आहे, तोंडाळही आहे. नवऱ्याने लुसियानाशीच प्रेमाची भाषा केल्याचं कळल्यावर ती शिव्याशाप देते आणि त्याच दमात म्हणते की जीभ शापते पण मन त्याच्यासाठी प्रार्थना करतंय. तिचा संशय सर्वस्वी खोटाही नाही. दार उघडलं नाही म्हणून रागावलेला नवरा खरोखरच दुसऱ्या बाईकडे जेवायला जातो आणि बायकोसाठी घडवलेली साखळी तिला द्यायचं कबूल करतो.

६. लुसियाना नुसती उपदेश करणारी बहीण आहे का?

सुरुवातीला तशीच दिसते. ती अविवाहित आहे आणि लग्नातल्या सहनशीलतेबद्दल बोलते. मग मेव्हण्याने, म्हणजे तिला मेव्हणा वाटणाऱ्या माणसाने, तिच्यावरच प्रेम असल्याचं सांगण्याआधी ती त्याला समजावायला जाते. तिचा सल्ला चकित करणारा आहे: प्रेम नसेल तर निदान असल्यासारखं वाग, बहिणीला कळू देऊ नकोस. पुस्तकी पतिव्रताधर्म इथे थेट दिखाव्यावर येतो.

तिचा खरा बदल पाचव्या अंकात दिसतो. मठाची प्रमुख एमिलिया गोड गोड प्रश्न विचारून एड्रियानाकडून कबूल करवते की मी नवऱ्याला टोचून बोलत असे. मग तोच दोष तिच्यावर उलटवते: तुझ्या जिभेमुळेच तो वेडा झाला. एड्रियाना गप्प राहते. तेव्हा लुसियानाच पुढे होते. ती म्हणते की हिने कधी कठोर शब्द वापरला नाही, आणि बहिणीला विचारते की हे ऐकून का घेतेस, उत्तर का देत नाहीस? धीराचे धडे देणारी मुलगी दिवस मावळताना बहिणीला बोल म्हणते. हे एक वाक्य नटीने घाईत उरकू नये.

७. ड्रोमिओंना सारखा मार पडतो. यात हसायचं काय?

लॅटिन प्रहसनांपासून चालत आलेली ती रीत आहे. गुलाम चूक करतो, मार खातो, प्रेक्षक हसतात. शेक्सपिअर ती रीत वापरतो, पण मार खाणाऱ्याला बोलायला तोंडही देतो. इफेससचा ड्रोमिओ म्हणतो की जन्मल्या घटकेपासून याची चाकरी केली आणि मिळालं काय, तर मार. थंडी वाजली की मारून ऊब देतो, ऊब लागली की मारून गार करतो.

आमच्या गटात हे भाषण पहिल्यांदा मोठ्याने वाचलं, तेव्हा पहिल्या दोन वाक्यांना हशा आला आणि शेवटाकडे खोली शांत झाली. वाचणाऱ्याने आवाज चढवलाही नव्हता.

स्वभावाचा फरक इथेही आहे. सिराक्यूजचा ड्रोमिओ मालकाचा सोबती आहे, उदास मालकाला हसवणारा. डोक्याच्या केसांवरून दोघांची लांबलचक शाब्दिक झटापट होते. इफेससच्या ड्रोमिओच्या वाट्याला तशी जवळीक नाही. बंद दाराबाहेर उभा राहून तो आतल्याला ओरडतो की माझं कामही चोरलंस आणि नावही. मालकापेक्षा नोकराला हे आधी सुचतं, कारण काम आणि नाव याखेरीज त्याच्याजवळ काहीच नाही.

८. स्वयंपाकीण नेलचा प्रसंग आज करावा का?

लठ्ठ बाईच्या अंगावर एकेक देश दाखवणारी ती सवाल-जवाबाची थट्टा आहे. तिचं नाव आधीच्या एका प्रवेशात लूस असं येतं. दोन्ही एकच, असं बहुतेक संपादक मानतात. शेक्सपिअरच्या नाटकांत अमेरिकेचं नाव याच एका ठिकाणी येतं, म्हणून अभ्यासक हा उतारा सोडत नाहीत.

माझं मत असं: विनोदाचं तोंड ड्रोमिओच्या भीतीकडे वळवा. एका अनोळखी बाईला त्याच्या अंगावरच्या खुणा ठाऊक आहेत आणि ती त्याच्यावर हक्क सांगतेय. त्याची बोबडी वळते ती यामुळे. नटीच्या देहावर हसवायचं असेल, तर प्रसंग कापलेला बरा.

९. साखळी, दोर आणि पैशांची थैली यांचा अर्थ काय लिहायचा?

प्रतीकं म्हणून ओढूनताणून अर्थ लावण्याआधी त्या वस्तू कुणाच्या हातातून कुणाकडे जातात, ते कागदावर मांडा. साखळी बायकोसाठी घडली, गणिकेला कबूल झाली, गळ्यात पडली भलत्याच भावाच्या. तिचे पैसे न मिळाल्याने सोनार अँजेलो स्वतः देणेकऱ्याच्या कचाट्यात सापडतो आणि ज्याला साखळी दिलीच नाही, त्याला पकडवतो. दोर आणायला पाठवलेला ड्रोमिओ दोर घेऊनच येतो, पण तोवर मालकाला जामिनाचे पैसे हवे असतात. जामिनाची थैली दुसऱ्याच भावाकडे पोहोचलेली असते.

प्रत्येक व्यवहार प्रामाणिक आहे, कुणीही लबाडी करत नाही. तरी सगळे एकमेकांना लबाड ठरवतात. व्यापारी शहरातला विश्वास चेहरा ओळखण्यावर किती टेकलेला असतो, हे या वस्तू दाखवतात. त्या थैलीचं शेवटी काय होतं, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

१०. विनोदी नाटकाची सुरुवात मृत्युदंडाने का? तो प्रवेश कापला तर चालेल?

कापू नका. लांबलाय, हे खरं. एजियनची हकिगत शंभराहून अधिक ओळींची आहे आणि सरधोपट वाचली तर प्रेक्षक चुळबुळतात. पण त्या प्रवेशामुळे पुढच्या प्रत्येक गोंधळामागे एक घड्याळ चालत राहतं. पाच वाजता एक म्हातारा मरणार आहे. ज्यांच्यामुळे तो वाचेल, ती माणसं दोन गल्ल्या पलीकडे जेवणावरून भांडतायत. ओळी कमी करा, प्रवेश ठेवा.

११. कथा इफेससलाच का घडते? आणि डॉक्टर पिंच कोण?

मूळ लॅटिन नाटक एपिडॅम्नस शहरात घडतं. शेक्सपिअरने ते आजच्या तुर्कस्तानातल्या, सेल्चुकजवळच्या इफेससला हलवलं. त्याच्या प्रेक्षकांना हे शहर बायबलमधून माहीत होतं: डायनाचं देऊळ, मांत्रिक, भुतं काढणारे. नव्या करारातलं इफेससकरांना लिहिलेलं पौलाचं पत्र नवरा-बायको आणि धनी-चाकर यांनी कसं वागावं ते सांगतं. नाटकातली भांडणंही नेमकी याच दोन नात्यांची आहेत.

पिंच हा शाळामास्तर आणि भूत उतरवणारा. शहाण्या माणसाची नाडी बघून तो त्याला पिशाच्चबाधा झाल्याचं ठरवतो आणि अंधाऱ्या खोलीत बांधून ठेवायला लावतो. भूमिका चिमुकली आहे, पण चुकीची ओळख अधिकाराच्या हाती गेली की काय होतं, ते तिथे दिसतं.

१२. हे नाटक प्लॉटसची नक्कल आहे म्हणतात. खरं का?

कथेचा सांगाडा प्लॉटस या प्राचीन रोमन नाटककाराच्या 'मेनेक्मी'चा आहे. त्यात जुळ्यांची एकच जोडी आहे. तिथे एक मुलगा हरवल्यावर आजोबा उरलेल्याला त्याचं नाव देतात. नोकरांची दुसरी जोडी शेक्सपिअरने घातली, आणि नवऱ्यालाच घराबाहेर ठेवण्याचा प्रसंग प्लॉटसच्याच 'अँफिट्रुओ'वरून घेतला.

खरा फरक बायकोच्या पात्रात आहे. 'मेनेक्मी'तल्या बायकोला नावही नाही. शेवटी सामानसुमानाच्या लिलावाची दवंडी पिटताना, गिऱ्हाईक मिळालं तर बायकोही विकायची आहे, असा विनोद होतो. शेक्सपिअरने तिला नाव दिलं, बहीण दिली, बोलायला जागा दिली. हरवलेली आई आणि मरणाच्या दारातला बापही त्यानेच आणला. त्याला स्वतःला १५८५ मध्ये हॅम्नेट आणि ज्युडिथ ही जुळी मुलं झाली होती. त्याचा नाटकाशी किती संबंध जोडायचा, ते ज्याने त्याने ठरवावं. मी उत्तरात दोन ओळींपेक्षा जास्त लिहू देणार नाही.

१३. शेवट सुखाचा आहे ना?

कुटुंब भेटतं, दंड माफ होतो, एमिलिया हीच हरवलेली आई निघते आणि सगळ्यांना मेजवानीला बोलावते. तरी काही गोष्टी तशाच राहतात.

एजियन इफेससच्या अँटिफोलसला आपण वाढवलेला मुलगा समजून हाक मारतो. तो म्हणतो, 'मी माझ्या बापाला जन्मात पाहिलेलं नाही.' तो खोटं बोलत नाही. जहाज फुटलं तेव्हा तो तान्हा होता. पण म्हाताऱ्याला वाटतं की सात वर्षांत काळाने माझा आवाज इतका चिरफाळला की पोटच्या पोराला तो ओळखू येईना. इतका वेळ प्रत्येक चूक हसवत आलेली असते, हीच एक चूक हसवत नाही. सादरीकरणात इथे थांबा घ्या. लगेच थैली परत मिळते आणि हाच मुलगा ते पैसे वडिलांसाठी पुढे करतो. ड्यूक म्हणतो, गरज नाही.

एड्रियाना आणि तिचा नवरा यांच्यात समेटाचं एकही भाषण नाही. दोघं अँटिफोलस एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. शेक्सपिअरने ती जागा मोकळी सोडली आहे, दिग्दर्शकाने ठरवायचं की ते जवळ येतात की नाही.

१४. एजियनच्या वर्षांचा हिशोब लागत नाही. छापण्यात चूक आहे का?

मुलगा अठराव्या वर्षी निघाला, बाप पाच उन्हाळे हिंडला, म्हणजे तेवीस. पाचव्या अंकात एजियन ताटातूट सात वर्षांची सांगतो, म्हणजे पंचवीस. एमिलिया म्हणते तेहेतीस वर्षं मी प्रसूतिवेणा सोसल्या. तिन्ही आकडे १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, आहेत आणि ते जुळत नाहीत. काही संपादक एमिलियाचा आकडा दुरुस्त करतात. अशीच दुसरी विसंगती: आईने धाकट्याला आपल्याजवळ बांधलं होतं, तरी बापाकडे राहिलेल्यालाही 'धाकटा'च म्हटलंय. परीक्षेत तफावत नोंदवा आणि पुढे जा. प्रयोगात ती कुणाच्या लक्षात येत नाही.

१५. 'अंगूर' सिनेमा पाहून नाटक समजेल का?

१९८२ च्या या हिंदी सिनेमात संजीव कुमार आणि देवेन वर्मा यांनी दोन-दोन भूमिका केल्या. घोळाची यंत्रणा समजायला तो उत्तम आहे, आणि बहादूरच्या भूमिकेतला देवेन वर्मा तर दोन्ही ड्रोमिओ करू पाहणाऱ्या प्रत्येक नटाने पाहावाच. पण त्यात मृत्युदंडाची चौकट नाही, त्यामुळे प्रश्न १० आणि १३ मधलं काहीही तिथे सापडणार नाही. भारतीय भाषांशी या नाटकाचं नातं त्याहून पुष्कळ जुनं आहे: ईश्वरचंद्र विद्यासागरांचं बंगाली गद्य रूपांतर 'भ्रांतिविलास' १८६९ चं.

१६. आमच्याकडे सारखे दिसणारे नट नाहीत. एकाच नटाला दोन्ही भूमिका दिल्या तर?

सारखे दिसणारे नट लागतच नाहीत. एकसारखा कोट, टोपी आणि चालण्याची एक लकब पुरते. प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत ते मान्य करतात. दोघं थोडे वेगळे दिसले तर उलट बरं, कारण कोण कुठला हे प्रेक्षकाला कळायलाच हवं, तरच विनोद होतो.

एकाच नटाने दोन्ही भूमिका करण्यात दोन अडचणी आहेत. तिसऱ्या अंकात दाराच्या आत एक ड्रोमिओ आणि बाहेर दुसरा, दोघं एकमेकांशी बोलतात. तिथे आवाजावर निभावून नेता येतं. शेवटच्या प्रवेशात मात्र चौघं एकत्र उभे राहतात, आणि पाठमोरा तोतया नट उभा केला की सगळं जातं. कारण नाटकाचा शेवट मालकांवर होत नाही. सगळे आत जातात आणि रंगमंचावर फक्त दोन ड्रोमिओ उरतात. एक म्हणतो, तू भाऊ कसला, तू माझा आरसा, तुझ्याकडे बघून कळतं की मी दिसायला बरा आहे. आधी आत कुणी जायचं यावर त्यांची घासाघीस होते, कारण थोरला कोण हे ठाऊक नाही. मग पुढे-मागे न होता दोघं हातात हात घालून आत जातात. दिवसभर मार खाल्लेल्या या दोघांना एकमेकांकडे नीट बघता यायला हवं, आणि त्यासाठी दोन चेहरे लागतात.